‘घाबरू नका’ हा उपचार नव्हे

रुग्णाचा ताण कमी करणं म्हणजे त्याच्याशी दोन शब्द गोड बोलणं, आणि गोड बोलणं हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा प्रश्न, ही आपल्याकडची पक्की समजूत. म्हणून एक सिस्टर मायाळू ठरते, दुसरी खडूस, आणि चर्चा तिथेच संपते. परिचर्येच्या शिक्षणात मात्र ताण हा ताप किंवा नाडीसारखाच पाहायचा, लिहून ठेवायचा आणि त्यावर काही करून पुन्हा पाहायचा विषय आहे. मायाळूपणा तिथे उपयोगी पडतो, पुरत नाही. ‘मनातलं दुखणं’ म्हणून बाजूला ठेवावा इतका हा ताण निरुपद्रवीही नसतो. जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटा, पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, साधारण त्याच वयाच्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच जखम केली गेली. सेवेचा भार वाहणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. २६ जणींवरून नियम ठरत नाही, हे खरं. पण नंतरच्या अभ्यासांचाही कल त्याच बाजूला आहे.

ताण असला तर तो दिसतोच, हा पुढचा गैरसमज. रडणारा, चिडणारा, सारखी बेल दाबणारा रुग्ण वॉर्डात सगळ्यांच्या नजरेत भरतो. भिंतीकडे तोंड करून पडलेला ‘शांत’ म्हणून नोंदला जातो. नुसत्या आकड्यांवरही भिस्त ठेवता येत नाही. इटलीतल्या मान्चिया यांच्या गटाने १९८०च्या दशकात रुग्णांचा रक्तदाब सतत नोंदवून दाखवलं, की डॉक्टर खाटेशी येताच तो चढतो. परिचारिका मोजायला आली तर ही वाढ निम्म्याहूनही कमी असते. म्हणजे एकदाच मोजलेल्या बीपीत मोजणाऱ्याचीही भेसळ असते. म्हणून जाणती परिचारिका अनेक धागे एकत्र पाहते: झोप किती झाली, ताटात किती उरलं, हात खाटेच्या दांड्यावर घट्ट आवळलेला आहे का, एकच प्रश्न तिसऱ्यांदा येतोय का. हिल्डगार्ड पेपलाऊ या अमेरिकी परिचारिकेने चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्या: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पार भेदरलेली. या पायऱ्यांचा उपयोग अगदी व्यवहारी आहे. सौम्य चिंतेतला माणूस ऐकतो, शिकतो, प्रश्न विचारतो. भेदरलेल्याला इन्सुलिन कसं टोचायचं हे शिकवत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्याला आधी कुणीतरी शेजारी थांबायला हवं, आणि तीन-चार शब्दांची वाक्यं हवीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धडधड, घाम, अस्वस्थपणा दिसला, की ‘टेन्शन घेतलंय’ हा निष्कर्ष शेवटी काढायचा असतो. रक्तातला ऑक्सिजन घसरला, साखर उतरली, लघवी तुंबली, आतून रक्तस्राव होत असला, तरी चित्र असंच दिसतं. म्हणून आधी बोटाला ऑक्सिमीटर आणि साखरेची तपासणी, मग मन.

बरं, ताण आहे हे कळलं, मग? इथे सर्वात लाडका गैरसमज येतो: धीर द्यावा. ‘काही होत नाही हो, घाबरू नका.’ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर लिहिलेल्या पुस्तकात रुग्णाला अशी पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे, आणि त्यातला सूर चांगलाच तिखट आहे. पोकळ धीराने रुग्णाची भीती जात नाही. तिच्याबद्दल बोलायची सोय तेवढी जाते. १९७५ साली अमेरिकेत व्होलिसर आणि बोहॅनन यांनी इस्पितळात ताण देणाऱ्या ४९ गोष्टींची यादी रुग्णांकडूनच क्रमाने लावून घेतली. सर्वात कमी त्रासाचं ठरलं अनोळखी माणसांसोबत एका खोलीत झोपणं. दृष्टी जाण्याची, कर्करोगाची भीती सर्वात वर होती. आणि आपल्याला काय झालंय हेच न सांगितलं जाणं त्यांच्या फार खाली नव्हतं. गैरसोय माणूस सोसतो, अंधारात ठेवलेलं त्याला सोसत नाही. त्या आधीच, १९६४ साली, बोस्टनमध्ये एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी काहींना आदल्या दिवशी नीट सांगितलं, की दुखेल, कुठे दुखेल, का दुखेल आणि तेव्हा स्नायू सैल कसे सोडायचे, कुशीवर कसं वळायचं. या गटाला वेदनाशामक अफूजन्य औषध साधारण निम्मंच लागलं. ते काम भूलतज्ज्ञांनी केलं होतं. जीन जॉन्सन या परिचारिका-संशोधिकेने पुढे त्याला आणखी धार आणली. प्रक्रिया कशी होणार हे सांगण्याबरोबरच ती होताना कसं वाटेल, काय ऐकू येईल, हेही सांगितलं तर घाबरणं कमी होतं. प्लास्टर कापताना करवतीचा आवाज मोठा होईल, त्वचेला गरम वाटेल, बारीक धूळ उडेल, हे आधी ऐकलेली मुलं कमी बिथरली.

यावर कुणी म्हणेल, की साठ वर्षांपूर्वीचे निष्कर्ष आज कशाला? शंका रास्त आहे. २०१६ सालच्या कॉक्रेन आढाव्यात अशा पूर्वतयारीचे १०५ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण एकत्र तपासले गेले. परिणाम दिसला, पण माफक: इस्पितळातला मुक्काम सरासरी अर्ध्या दिवसाने कमी, वेदना आणि उदासी थोडी कमी, आणि पुराव्याची प्रतही फार वरची नाही. माझ्या मते एवढंही पुरेसं आहे, कारण या उपायाला खर्च जवळपास नाही. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा: ‘सगळं सांगितलं तर माणूस हाय खाईल.’ आपल्याकडे मुलगा डॉक्टरांना दाराबाहेर गाठून ‘बाबांना फक्त गाठ आहे म्हणून सांगा’ अशी विनवणी करतो, ती प्रेमापोटीच. आणि काहींना तपशील नकोच असतो, हेही खरं. पण कुणाला किती हवं, हे विचारल्याशिवाय कसं कळणार? डॉक्टरांना डावलून रुग्णाला रोगनिदान सांगणं परिचारिकेचं काम नाही. ‘उद्याच्या ऑपरेशनबद्दल तुम्हाला काय काय सांगितलंय?’ आणि ‘अजून काय समजून घ्यावंसं वाटतं?’ हे विचारणं आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोचवणं मात्र तिचंच काम आहे. ‘घाबरला नाहीत ना?’ या प्रश्नाला भिडस्त माणूस नाहीच म्हणणार.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पन्नास खाटांच्या वॉर्डात रात्रपाळीला दोघीच असतील तर बसून गप्पा मारणं अशक्य, आणि मनुष्यबळाच्या तुटवड्याला संवादकौशल्याचं ठिगळ लावू नये. तरीही यातला बराच भाग वेगळा वेळ मागत नाही. सलाइन लावताना ‘आता टोचेल, मग थंड वाटेल’ म्हणायला किती सेकंद लागतात? ‘नंतर येते’ ऐवजी ‘दहाच्या गोळ्या झाल्या की येते’ म्हटलं आणि खरंच आलं, तर मधली बेल वाजत नाही.

श्वास सावकाश सोडायला लावणं, स्नायू क्रमाने सैल करणं, शस्त्रक्रियेपूर्वी आवडीचं गाणं ऐकवणं, यांचा उपयोग होतो. गाण्यांचा तर चाचण्यांत दिसला आहे. पण ताणाचं मूळ बिलात असेल तर श्वास कितीही मोजा. तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राकडे नातेवाइकांना वेळेत पाठवणं हाच ताणावरचा उपचार. ताण टोकाला गेलेला दिसला, तरी आत्महत्येचे विचार येतात का हे विचारलं तर ते डोक्यात घुसतील, म्हणून गप्प राहणारेही भेटतात. थेट विचारल्याने तसं होत नाही, असंच संशोधन सांगतं. उत्तर ‘हो’ आलं तर रुग्णाला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायचं असतं. घरी गेल्यावरच्या काळजीसाठी टेलि-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे.

नातेवाइकांना एकच विनंती. दाखल करताना सिस्टर झोप, गोळ्या, तंबाखू आणि दारूबद्दल विचारतात तेव्हा लाजेपोटी काही लपवू नका. रोज पिणाऱ्याची दारू इस्पितळात अचानक सुटते. काही तासांतच हात थरथरू लागतात, आणि दोन-तीन दिवसांत तो भ्रमात जाऊ शकतो. सगळे त्याला ऑपरेशनची भीती समजत राहतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. ही माहिती आधी मिळाली तर औषध वेळेवर सुरू करता येतं.