वाटीभर वरणात संपणारा दिवस

तूरडाळीत शंभर ग्रॅममागे एकवीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. माझ्या लेकीला रोजच्या अन्नातून, सकाळपासून रात्रीपर्यंत मिळून, सहा ग्रॅम चालतात. म्हणजे मूठभर डाळीचं वाटीभर घट्ट वरण खाल्लं की तिचा दिवस संपला. मग पोळी नाही, भात नाही. दूध तर नाहीच. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला फिनाइलकिटोन्युरिया नावाचा जन्मजात आजार आहे. दवाखान्यात सगळे त्याला पीकेयू म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो.

मी नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. हातात व्हर्नियर, समोर ट्रेमध्ये पार्ट. माप जरा सरकलं की माल रिजेक्ट. घरी आल्यावरही तेच काम, फक्त माल वेगळा: पोहे, बटाटा, भात. ओट्यावर डिजिटल काटा आहे आणि फ्रिजवर तक्ता.

बिघाड नेमका कुठे असतो ते सांगतो. प्रथिनं पचली की त्यातून अमिनो आम्लं सुटतात, त्यातलं एक फिनाइलअलानिन. यकृतातलं एक विकर त्याचं टायरोसिन करतं. ते विकर काम करत नसेल तर फिनाइलअलानिन रक्तात साचत जातं आणि वाढत्या मेंदूची नासाडी करतं. निरोगी माणसात डेसिलिटरमागे ते दोन मिलिग्रॅमच्या आत असतं, उपचार नसलेल्या बाळात वीसच्या वर जातं. आम्हाला दोन ते सहाच्या मध्ये राहायला सांगितलंय. सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच हा आजार होतो. आम्ही दोघंही ठणठणीत, तरी प्रत्येक बाळंतपणाला चारात एक ही शक्यता आमच्या वाट्याला. तेव्हा सुनेच्या पायगुणावर बोलणाऱ्यांनी निम्मा हिशेब मुलाच्या नावावर लिहावा.

लेक जन्मली तेव्हा जावळ काळंभोर होतं. पुढे केस भुरे होत गेले, रंग उजळला आणि नातेवाईक खूश झाले. "पोरगी गोरी निघाली हो!" केसाला, कातडीला रंग येण्याची वाटच आजाराने अडवली होती, हे कुणाला कळणार? लंगोटाला कोंदट वास यायचा, तोही आम्ही साबणावर ढकलला. दहाव्या महिन्यातही ती बसेना, तेव्हा मुंबईला नेलं आणि रक्तात आजार सापडला. मेंदूचं जे नुकसान झालं ते भरून येत नाही. आज ती वर्गात एक वर्ष मागे आहे. वाचते झकास, गणितात अडते, सायकल मात्र पवननगरपर्यंत पिटाळते. खेळाला पथ्य नाही.

पथ्य आहे ते ताटाला. डाळी, कडधान्यं, दूध, पनीर, अंडी, मटण, शेंगदाणे बंद. पोळीला तीन ग्रॅम जातात, म्हणून पोळी अर्धी. आमचं स्वयंपाकघर तगलं ते उपासाच्या पदार्थांवर. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. एरवी आहारतज्ज्ञ ज्याला नावं ठेवतात तो साबुदाणा आम्ही पोत्यानं आणतो. खिचडीत दाण्याचं कूट घालायचं नाही, तूप-जिरं आणि मोजलेला बटाटा. साबुदाण्याचं पीठ उकडलेल्या बटाट्यात मळून बायको थालीपीठ लावते. ते थापताना तुटतं, पण खायला चांगलं लागतं. दुधी, पडवळ, काकडी यांनी पोट भरतं. वरीच्या तांदळाला मात्र उपासाचा म्हणून फसायचं नाही, त्यात प्रथिनं आहेत.

मग पोर वाढते कशावर? फिनाइलअलानिन वगळून बाकीची अमिनो आम्लं घातलेल्या पावडरीवर. दिवसातून तीनदा, पाण्यात कालवून. चव कडवट आणि वास असा की मी एकदाच प्यालो. ती झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने ओढते. या पावडरीशिवाय नुसतं पथ्य म्हणजे उपासमार, हे लोकांच्या गळी उतरत नाही.

मुंबईच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर इतर आईबाप भेटतात. सगळ्यांचे आजार चयापचयाचेच, पण एकाचं पथ्य दुसऱ्याला मारक. नाशिकची द्राक्षं माझी लेक मनसोक्त खाते. ज्या मुलाला फळांतली साखर, फ्रुक्टोज, पेलत नाही त्याच्या यकृताला तीच द्राक्षं घातक, आणि बारशाला चाटवलेला मधही. गॅलॅक्टोसेमिया असलेल्या तान्ह्याला आईचं दूधसुद्धा चालत नाही. ग्लायकोजेन साठून राहणाऱ्या आजारातल्या एका मुलाची आई रात्री गजर लावून उठते आणि कच्चं कॉर्नफ्लोअर गार पाण्यात ढवळून पाजते. कच्चंच, कारण ते सावकाश पचतं आणि पहाटेपर्यंत रक्तातली साखर धरून ठेवतं. शिजवलं की तो गुण गेला. आणि ताप आला की लंघन, हा आजीचा सल्ला यांतल्या बहुतेक मुलांना अपायकारक. उपाशी शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि विष आतूनच तयार होतं. काही आजारांत तर एका उलटी-जुलाबात मूल बेशुद्ध पडतं.

घरात पथ्य सांभाळता येतं. मोडतं ते उंबऱ्याबाहेर. "एका पेढ्यानं काय होतंय?" हे वाक्य मी हळदीकुंकवापासून गणपतीच्या मांडवापर्यंत ऐकलंय. शाळेत बाई तिचा डबा वेगळा ठेवतात, पोषण आहाराची खिचडी तिला वाढू देत नाहीत. त्यांचे उपकार मोठे. शुगर-फ्री म्हणून कुणी दिलेलं च्युइंगमही चालत नाही, कारण त्यातल्या अस्पार्टेममध्ये निम्म्याहून जास्त फिनाइलअलानिनच असतं. डाएट कोल्ड्रिंकच्या बाटलीवर फिनाइलकिटोन्युरिया असणाऱ्यांसाठी बारीक अक्षरात इशारा असतो, वाचून पाहा.

हा आजार शोधला गेला तोही एका आईच्या हट्टामुळे. नॉर्वेत बोर्ग्नी एगेलांड आपल्या दोन मुलांच्या विचित्र वासाचं कारण डॉक्टरांना विचारत फिरत होती. १९३४ मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांची लघवी तपासली आणि उत्तर मिळालं. पथ्याचा पहिला प्रयोग १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्मिंगहॅमला होर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या मुलीवर केला. तिथेही तिची आई रोज सकाळी येऊन पिच्छा पुरवत होती. पुढे रॉबर्ट गथ्री यांनी टाचेच्या रक्ताच्या थेंबावर करायची स्वस्त चाचणी काढली, आणि अनेक देशांत बाळ घरी जायच्या आत ती होऊ लागली. आपल्याकडे गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांची अशी तपासणी सुरू केली. महाराष्ट्रात प्रत्येक बाळापर्यंत ती पोचलेली नाही, आणि यात खर्चाइतकाच अनास्थेचाही भाग आहे असं माझं मत आहे.

पैशांची वाट थोडी मोकळी झाली आहे. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात पीकेयू आहे, मुंबईचं केईएम त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे, आणि रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. १ एप्रिल २०२३ पासून स्वतःच्या वापरासाठी परदेशातून मागवलेल्या या पावडरीसारख्या खास अन्नावरचं मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला चालतो.

धाकट्याची टाच आम्ही तिसऱ्या दिवशी टोचून घेतली. तो वरणभात खातो. तुमच्या घरी बाळंतपण असेल तर डॉक्टरांना ही तपासणी आधीच विचारून ठेवा. बाळाच्या पोटात दूध गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती करायची असते. आणि दुसऱ्याच्या पोराच्या हातावर काही ठेवण्याआधी त्याच्या आईला विचारा. ती नको म्हणाली तर कारण मागू नका.