डास मोजायचे की रुग्ण?

डास, विषाणू आणि आपण : लेखांक 7

डेंग्यूचा विषाणू मादी डासाच्या पोटातून तिच्या लाळेपर्यंत कसा पोहोचतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. या प्रवासाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. हा विषाणू वाहणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी जेमतेम दोन-चार आठवडे जगते. म्हणजे डेंग्यू पसरवतात त्या वयस्क माद्याच. ऑस्ट्रेलियाचे कीटकशास्त्रज्ञ स्कॉट ओ'नील यांना या हिशोबात एक फट दिसली. मादीला तेवढं वय गाठूच दिलं नाही तर?

त्यासाठी त्यांनी वोल्बाकिया हा जिवाणू निवडला. कीटकांच्या पेशींत राहणारा हा जिवाणू हर्टिग आणि वोल्बाक या अमेरिकी संशोधकांना 1924 मध्ये घरगुती क्युलेक्स डासांत सापडला होता. कीटकांच्या निम्म्याच्या आसपास जातींत तो असतो, एडिस इजिप्तीत मात्र निसर्गतः नसतो. फळमाशीतला त्याचा एक वाण माशीचं आयुष्य निम्म्यावर आणतो. तो एडिसमध्ये घालायचा, एवढीच ओ'नील यांची कल्पना. मात्र मोहरीच्या दाण्याहून लहान अंड्यात बारीक सुईनं जिवाणू टोचायचा आणि पुढच्या पिढ्यांत तो टिकतो का ते पाहायचं, यात कित्येक वर्षं आणि हजारो अंडी गेली. 2009 मध्ये ते जमलं.

आणि मग कळलं की मूळ कल्पनेची गरजच नव्हती. ज्या डासात वोल्बाकिया आहे, त्यात डेंग्यूचा विषाणू नीट वाढतच नाही. आयुष्य कमी करणारा वाण डासाला इतका जड जात होता की मोकळ्या हवेत तो टिकेना. म्हणून फळमाशीतलाच एक सौम्य वाण घेतला गेला. तो डासाला जगू देतो आणि विषाणूला अडवतो.

तो पसरतो कसा? वोल्बाकियाबाधित नर अंड्याला जणू कुलूप घालतो आणि त्याची किल्ली फक्त बाधित मादीकडे असते. बाधित नर आणि साधी मादी यांची अंडी उबत नाहीत. बाधित मादीची अंडी मात्र नर कोणताही असो, उबतात, आणि पिल्लांत जिवाणू आईकडून आपोआप येतो. त्यामुळे पुरेसे डास एकदा सोडले की वस्तीतले साधे डास हळूहळू मागे पडतात. 2011 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराजवळच्या यॉर्कीज नॉब आणि गॉर्डनव्हेल या दोन वस्त्यांत डास सोडायला सुरुवात झाली. दोन्ही मिळून सुमारे तीन लाख सोडले. काही महिन्यांतच तिथले जवळपास सगळे एडिस बाधित झाले.

बहुतेक वर्णनं इथेच थांबतात. माझ्या मते खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. केर्न्समध्ये मोजले होते ते डास. माणसं कमी आजारी पडली का, हे तिथे सांगता येणार नव्हतं, कारण डेंग्यू तिथे बाहेरून आलेल्या प्रवाशांबरोबर अधूनमधून येतो. डास-नियंत्रणाचा सगळा इतिहासच असा आहे. औषध मारलं, अळ्या किती घटल्या ते मोजलं, अहवाल लिहिला. औषध किंवा लस असती तर कोणी इतक्यावर मान डोलावली नसती. दोन गट करा, एकाला द्या, दुसऱ्याला देऊ नका, मग आजारी किती ते दाखवा, असं म्हटलं असतं.

तशी परीक्षा इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात झाली. तिचं नेतृत्व गाजा माडा विद्यापीठाच्या आदी उतारिनी यांनी केलं. त्या सार्वजनिक आरोग्याच्या प्राध्यापक आहेत, कीटकशास्त्रज्ञ नाहीत, आणि मला ही जमेची बाजू वाटते. डेंग्यू या शहरात कायमचा वस्तीला आहे. सुमारे 26 चौरस किलोमीटरचा भाग 24 तुकड्यांत विभागला आणि सोडत काढली. 12 तुकड्यांत वोल्बाकियाचे डास, 12 मध्ये नाहीत. सरकारची नेहमीची डेंग्यूविरोधी कामं सगळीकडे चालूच राहिली. 2017 मध्ये डासांची अंडी, पाणी आणि थोडं खाद्य घातलेल्या छोट्या बादल्या घराघरांच्या अंगणांत ठेवल्या; दर दोन आठवड्यांनी नवी अंडी. वर्ष संपेपर्यंत हे काम आटोपलं.

आता रुग्ण मोजायचे. घरोघर जाऊन 'डेंग्यू झाला का' असं विचारलं, तर ज्याच्या अंगणात बादली आहे तो वेगळं उत्तर देईल. म्हणून चमूनं दुसरी वाट धरली. शहरातल्या 18 सरकारी दवाखान्यांत तापाने आलेल्या 3 ते 45 वर्षांच्या प्रत्येकाला सहभागी करून घ्यायचं, त्याच्या रक्तात डेंग्यू आहे का ते प्रयोगशाळेत पाहायचं, आणि तो राहतो कुठे हे नोंदवायचं. ताप डेंग्यूचा निघाला तर रुग्ण, न निघाला तर तुलनेचा माणूस. दवाखान्यात येणाऱ्याला आपला ताप कशाचा हे ठाऊक नसतं, त्यामुळे मनाचा कौल निकालात शिरत नाही.

हिशोबात घेतलेल्यांपैकी वोल्बाकियाच्या भागातल्या 2905 जणांत डेंग्यूचे 67 निघाले, म्हणजे 2.3 टक्के. दुसऱ्या भागातल्या 3401 मध्ये 318, म्हणजे 9.4 टक्के. डेंग्यू 77 टक्क्यांनी घटला. रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आलेले 13 विरुद्ध 102, म्हणजे 86 टक्क्यांची घट. शिवाय हा आकडा खरा परिणाम कमीच दाखवत असण्याची शक्यता आहे. डासांना प्रभागाची हद्द कळत नाही आणि माणसं कामाला, शाळेला हद्द ओलांडून जातातच. कोविड आल्यामुळे मार्च 2020 मध्ये नोंदणी ठरल्यापेक्षा आधी थांबवावी लागली. त्याच महिन्यात उतारिनी यांचे पती, औषधशास्त्रज्ञ इवान द्विप्रहास्तो, कोविडनं गेले. निकाल जून 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि राहिलेल्या 12 तुकड्यांतही डास सोडले गेले.

आता आपल्या गल्लीतली धूरफवारणी पाहा. गाडी येते, धूर होतो, खिडक्या पटापट बंद होतात. एडिसची मादी त्या वेळी कपाटामागे नाहीतर पलंगाखाली बसलेली असते. ती घरातलीच, दिवसा चावणारी. पिंपातल्या अळ्यांना तर धुराशी काही देणंघेणं नसतं. आठवड्याचा कोरडा दिवस पाळणं, आशाताईंनी फ्रीजमागचा ट्रे ओतून टाकायला लावणं याला त्याहून अधिक अर्थ आहे. तरी नगरसेवकाच्या फलकावर फोटो येतो तो धुराचाच. महापालिका वर्षानुवर्षं यावर पैसा घालतात, पण निम्म्या प्रभागांत फवारणी थांबवून रुग्णांचे आकडे ताडून पाहायला कोणता नगरसेवक तयार होईल? 'आमच्याच वॉर्डात का नाही?' हा प्रश्न सोडतीच्या आधीच उठेल.

योग्याकार्तात तो उठू नये म्हणून बरीच मेहनत घेतली होती. भिंतींवर चित्रं, बैठका, लघुपटांची स्पर्धा, पुढाऱ्यांची संमती. डास कमी करण्याऐवजी तुमच्या दारात डास सोडतो म्हणणाऱ्याला हे करावंच लागतं. न केल्यास काय होतं हे आपल्या देशानं पाहिलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प सत्तरच्या दशकात दिल्लीत चालू होता. हरियाणातल्या सोनीपतमध्ये वंध्य केलेले एडिस सोडायचे ठरले होते. अमेरिकी पैशावर चाललेलं हे जैविक युद्धाचं संशोधन आहे, असे आरोप वर्तमानपत्रांत आले, संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले, आणि 1975 मध्ये प्रकल्प गुंडाळला. शंका सगळ्याच निराधार होत्या असं मी म्हणणार नाही. विदेशी पैसा आणि अपुरी माहिती एकत्र आली की लोक विचारणारच. बालीमध्येही 2023 मध्ये विरोधामुळे डास सोडणं लांबणीवर पडलं.

आयसीएमआरच्या पुद्दुचेरीतल्या संस्थेनं 2022 मध्ये वोल्बाकियाबाधित भारतीय एडिसच्या दोन वसाहती तयार केल्याचं जाहीर केलं. त्यांत दोन वेगवेगळे वाण आहेत, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीनं हा तपशील कळीचा आहे. योग्याकार्तात वापरलेला वाण उष्णता सोसत नाही. अळ्या रोज 26 ते 37 अंशांच्या चढउतारात वाढवल्या, तर डासातला हा जिवाणू खूप कमी होतो आणि पुढच्या पिढीत जाईनासा होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. आशियाई टायगर डासातून घेतलेला दुसरा वाण बराच तग धरतो. क्वालालंपूरमध्ये तोच वापरला. कोकणातल्या अंगणात एक वाण चालेल आणि अकोल्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीत तोच निरुपयोगी ठरेल, असं घडू शकतं. तेव्हा आपल्याकडे वाण निवडताना पुण्या-मुंबईसाठी एक आणि विदर्भासाठी दुसरा, असा विचार करावा लागेल.

पुढील लेखांकात : भातखाचरं, डुकरं आणि जपानी मेंदूज्वर.