काजळीखालचं ॲल्युमिनियम

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या इंजिनात ऑइल बहुधा पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. ते आधी बेअरिंग आणि पिस्टनला वंगण पुरवतं, मग पेट्रोलबरोबर वर जाऊन जळतं. पण पुरतं जळत नाही. उरलेलं पिस्टनच्या माथ्यावर, हेडच्या पोटात, धुराच्या पोर्टच्या कडांवर आणि सायलेन्सरमध्ये थर धरून बसतं. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाजची जुनी चेतक स्कूटर आजही रस्त्यावर दिसते आणि तिच्या इंजिनात हा थर हमखास सापडतो. चढावर गाडी दम टाकते, प्लग सारखा काळा होतो. कधी स्विच बंद केल्यावरही इंजिन दोन-चार ठोके मारतं, कारण लालबुंद झालेला कार्बनच ठिणगीचं काम करू लागतो.

पुण्यात नाना पेठेजवळच्या एका गॅरेजात अशी एक चेतक उघडताना मी शेजारी बसून पाहिली. गॅरेजवाल्या काकांनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, मग हेडचे नट समोरासमोरचे घेत थोडे थोडे ढिले केले. गरम असताना एकाच बाजूने नट सोडले तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि मग कॉम्प्रेशन गळत राहतं. हेड निघालं. ५७ मिलिमीटरच्या बोअरमध्ये पिस्टनचा माथा डांबरी रस्त्यासारखा दिसत होता: धुराच्या बाजूला कोरडा आणि भेगाळलेला, दुसऱ्या बाजूला ओला, चिकट.

पुढे घाई करणारा माणूस स्क्रू-ड्रायव्हर उचलतो. बहुतेक जुने पिस्टन तिथेच बिघडतात. कार्बन कडक आहे, पण ॲल्युमिनियम पोलादापुढे फार मऊ आहे. पोलादी टोकाने एक ओरखडा गेला की त्या खाचेत नवा कार्बन पक्की पकड घेतो, आणि ओरखड्याची उभी राहिलेली धार इंजिन तापल्यावर सगळ्यात आधी लाल होते. म्हणजे ज्या दुखण्यासाठी इंजिन उघडलं, तेच आपण पुन्हा पेरून ठेवतो. एमरी पेपर त्याहून घातक. त्याची खर मऊ धातूत रुतून बसते आणि पुढे पिस्टनच्या प्रत्येक फेरीबरोबर बोअर घासत राहते. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पिस्टनवर फिरवणारेही मी पाहिले आहेत. माथा चकाकतो खरा, पण कडा गोल होतात.

काकांनी पिस्टन आणि हेड आदल्या संध्याकाळपासून भिजवलेलं बरं, असं सांगितलं. पूर्वी रॉकेल वापरायचे, आता बहुतेक डिझेल. भिजल्यावर थर फुगत नाही की विरघळत नाही. फक्त त्याची धातूवरची पकड सैल होते. खरवडायला बांबूची पट्टी, कोपऱ्यांसाठी पितळेची पातळ पट्टी. मलाही त्यांनी बांबू दिला. सुरुवातीला टोकाखाली कुरकुर होते, काळी खपली सुटते. धातू आला की पट्टी एकदम गुळगुळीत सरकते. हा फरक हाताला डोळ्यांच्या आधी कळतो. पट्टीचं टोक झिजत जातं, ते पुन्हा तासून घ्यायचं. झिजायचंच असेल तर बांबूने झिजावं, पिस्टनने नाही.

शेवटी तपकिरी, पातळ डाग उरला. मी तोही घासू लागलो तेव्हा काका म्हणाले, "राहू द्या. बोटाला खडबडीत लागत नाही ना? मग झालं." त्या डागाने काही बिघडत नाही, आणि तो काढताना मात्र धातू जातो.

खरी कसोटी रिंगांच्या खाचांची. कार्बन भरला की रिंग खाचेत अडकते, बोअरच्या भिंतीवर दाबून बसत नाही आणि ताकद खाली निघून जाते. बिडाची रिंग फार ताणली तर कडकन मोडते, म्हणून पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवत ती बाहेर घ्यावी लागते. खाच साफ करायला त्याच मापाच्या जुन्या, मोडलेल्या रिंगेचा तुकडा वापरतात. रुंदी बरोबर जुळते. पण तोही न जोर लावता ओढायचा. खाचेची बाजू किंचित जरी तासली गेली, तरी नवी रिंगही त्यात खेळत राहणार. शिवाय खाचेत एक बारीक पिन असते. रिंगेची टोकं पोर्टसमोर येऊन अडकू नयेत म्हणून ती रिंगेला फिरू देत नाही. घाईत तिच्यावर घाव बसला तर पिस्टन गेलाच.

सिलिंडर बिडाचा, त्यामुळे पोर्टमध्ये हात थोडा सैल सोडता येतो; मात्र पोर्टच्या कडेचा टवका उडाला तर तिथे रिंग अडकते. या सगळ्या वेळात क्रँककेसच्या तोंडात धागे न सुटणारं कापड कोंबलेलं होतं. जुन्या चेतकमध्ये क्रँकचं चाकच झडपेचं काम करतं आणि ते केसच्या भिंतीला जवळजवळ घासून फिरतं. कार्बनचा एक कण तिथे शिरला तर भिंतीवर कायमचा चरा.

सायलेन्सरचं काम निराळं. तो पोलादी पत्र्याचा, म्हणून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवता येतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. हेच पाणी ॲल्युमिनियमला लागलं तर बुडबुडे येतात, म्हणजे धातूच विरघळत असतो आणि पेट घेणारा हायड्रोजन सुटत असतो. सगळे भाग एकाच बादलीत टाकून मोकळं होणाऱ्यांचे पिस्टन आणि हेड असे खलास होतात.

जोडणी झाली, पिस्टनच्या माथ्यावरचा बाण धुराच्या पोर्टकडे आहे ना हे पाहिलं गेलं, नट पुन्हा समोरासमोर आवळले गेले. मग काकांनी गाडीमालकाला पहिला प्रश्न विचारला तो ऑइलचा. मालक "इंजिनाला बरं" म्हणून मापापेक्षा जास्त ओतत होते. काकांनी लिटरला २० मिलिलिटरची खूण केलेलं माप त्यांच्या हातात दिलं आणि थोडी गाडी चालवून झाली की थंड इंजिनावर नट तपासायला परत या, असं सांगितलं.