कॅनभर पाण्यावर फिरणारं पॅनेल

सौर पॅनेल एकदा बसवलं की जागचं हलत नाही, आणि सूर्य काही जागेवर थांबत नाही. तासाला १५ अंश या चालीने तो पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतो. त्यामुळे एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या पॅनेलवर ऊन नीट समोरून येतं ते दुपारच्या थोड्या वेळापुरतं, एरवी तिरपंच. तिरपं ऊन म्हणजे तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरलेलं, म्हणून पॅनेलच्या वाट्याला कमी. किती कमी, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या कोसाइनचा आहे. ऊन ३० अंशांनी तिरपं झालं तर ८७ टक्के मिळतं, ४५ अंशांना ७१ टक्के आणि ६० अंशांना निम्मं.

हे आकडे जरा उलट बाजूनेही बघावेत. ऊन १० अंशांनी चुकलं तर तोटा दीड टक्का, २० अंशांनी चुकलं तर सहा टक्के. म्हणजे वीस-पंचवीस अंशांची चूक पॅनेल पोटात घालतं, त्यापुढे मात्र नुकसान झपाट्याने वाढतं. सूर्याच्या मागे पॅनेल फिरवायचं तर घड्याळजीची अचूकता लागत नाही, ढोबळ पाठलाग पुरतो. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बनणाऱ्या स्वस्त ट्रॅकरची सगळी मदार या एका गोष्टीवर आहे.

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रदर्शनात दोन प्रकाश-सेन्सर, आर्डुइनोचं एक छोटं सर्किट आणि एक मोटर लावून आपोआप वळणारं पॅनेल दिसतंच. टेबलावर ते सुरेख वळतं. शेतात दोन पावसाळे काढल्यावर त्याचं काय होतं हे सहसा कोणी बघायला जात नाही. सर्किटमध्ये ओल शिरली की दुरुस्तीला तालुक्याला खेप, आणि तिथेही तो भाग मिळेलच असं नाही. म्हणून मोटर आणि सेन्सर दोन्ही बाजूला ठेवून, नुसत्या वजनावर चालणारी रचना कशी असते ते पाहू.

समजा १०० वॅटचं पॅनेल आहे, साधारण एक मीटर लांब आणि आठ किलो वजनाचं. उत्तर-दक्षिण रेषेत दोन खांब रोवायचे आणि त्यांच्या डोक्यांवर एक आडवा पाइप असा टेकवायचा की तो सहज गोल फिरेल. दिशा बघायला होकायंत्र चालतं; महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाचाही फरक नाही. होकायंत्र नसेल तर ध्रुवतारा आहेच. पॅनेल या पाइपवर आडवं बसवलं की ते पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे कलू शकतं. पाइपच्याच पातळीत पूर्व-पश्चिम जाणारी एक लोखंडी पट्टी जोडायची, दोन्ही बाजूंना ४५ सेंटिमीटर. पट्टीच्या पूर्व टोकाला पाण्याचा कॅन, पश्चिम टोकाला वाळूची पिशवी. झाला तराजू.

सकाळी कॅन भरलेला असतो, म्हणून पूर्वेची कड खाली आणि पॅनेलचं तोंड उगवतीकडे. कॅनमधून थेंब थेंब पाणी गळू लागलं की पूर्वेची बाजू हलकी होत जाते. दोन्ही वजनं सारखी झाली की पॅनेल सपाट. संध्याकाळपर्यंत कॅन रिकामा, वाळू जड, तोंड मावळतीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन पुन्हा भरायचा, की पॅनेल आपसूक पूर्वेला वळतं.

ऐकायला सोपं आहे, पण एवढंच करून ठेवलं तर ते चालणार नाही. पॅनेल पाइपच्या वर बसलेलं असतं, म्हणजे त्याचा भार आसाच्या वर येतो. अशी रचना सकाळभर पूर्वेला पडून राहील आणि मग एका क्षणी धाडकन पश्चिमेला उलटेल. हळूहळू वळायचं तर एकूण गुरुत्वमध्य आसाच्या खाली हवा. त्यासाठी पाइपला खालच्या बाजूने एक घट्ट दांडी वेल्ड करायची आणि तिच्या टोकाला वजन बांधायचं. ते दोरीने लोंबतं ठेवून उपयोग नाही. पॅनेल फिरेल तशी दांडीही फिरली पाहिजे.

वजन किती, तेही काढता येतं. पॅनेलचे आठ किलो आसाच्या पाच सेंटिमीटर वर आहेत. आठ गुणिले पाच, चाळीस. खाली चाळीस सेंटिमीटरच्या दांडीवर चार किलोचा दगड. चार गुणिले चाळीस, एकशे साठ. वजाबाकी एकशे वीस, आणि हीच रचना सरळ ठेवणारी ताकद. पॅनेल ४५ अंशांनी कलवायचं तर दोन्ही टोकांच्या वजनांतला फरक गुणिले ४५ सेंटिमीटर हा आकडा या एकशे वीसइतका व्हायला हवा. म्हणजे फरक साधारण पावणेतीन किलोचा. तेव्हा पिशवीत पावणेतीन किलो वाळू, कॅनमध्ये साडेपाच लिटर पाणी. सकाळी पूर्व बाजू पावणेतीन किलोने जड, निम्मं पाणी गळल्यावर समतोल, शेवटी पश्चिम बाजू तितकीच जड. रिकाम्या कॅनचं वजन भरेल तेवढी वाळू पिशवीत वरून घालावी. खालचा दगड कमी केला तर पाणी कमी लागतं, पण मग वाऱ्याची साधी झुळूकही पॅनेलला हलवते. ४५ अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून दोन्हीकडून दोरीचा अटकाव ठेवायचा.

आता घड्याळ. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे ७४ अंशांच्या आसपास. प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे पुण्याचा सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबाराच्या सुमारास. ऋतूप्रमाणे त्यात पंधरा-एक मिनिटं इकडे-तिकडे होतात. नागपूर बरंच पूर्वेला, तिथे हा फरक चौदा मिनिटांवर येतो. तेव्हा सकाळी आठला कॅन भरून सायंकाळी पाचला रिकामा होईल असा बेत करावा, म्हणजे मधोमध साडेबारा येतात. नऊ तासांत साडेपाच लिटर म्हणजे मिनिटाला दहा मिलिलिटर. सलाईनच्या सेटची चाकी फिरवून ही धार जुळवता येते. थेंब मोजत बसू नये. दहा मिनिटं खाली मापाचं भांडं धरावं आणि शंभर मिलिलिटर भरतात का पाहावं.

इथे एक अडचण येते. कॅन भरलेला असताना पाण्याचा दाब जास्त, म्हणून धार जोरात. तळाला आलं की मंद. त्यामुळे पॅनेल सकाळी घाई करतं आणि दुपारनंतर रेंगाळतं. याला जुना उपाय आहे. कॅनचं झाकण हवाबंद करायचं आणि झाकणातून एक बारीक नळी जवळजवळ तळापर्यंत सोडायची. मग बाहेरची हवा आत येते ती फक्त या नळीच्या खालच्या तोंडातून, आणि पाण्याची पातळी कितीही असली तरी दाब त्या तोंडापासूनच मोजला जातो. पाणी नळीच्या तोंडापर्यंत उतरेस्तोवर धार एकसारखी राहते. ज्याने ठिबक चालवलं आहे त्याला पुढची अडचण सांगायला नको: क्षार आणि गाळाने भोक बुजतं. बोअरचं जड पाणी असेल तर फडक्याने गाळून घ्यावं आणि नळी अधूनमधून धुवावी.

गळालेलं पाणी वाया जात नाही, आणि ही कल्पना ज्या यंत्रामुळे गाजली त्यात तर तेच पाणी अर्धं काम आहे. कॅनडातल्या कॅलगरी शहरात वाढलेल्या ईडन फुल हिने प्रिन्स्टन विद्यापीठात शिकत असताना ‘सनसॅल्यूटर’ नावाचा असा ट्रॅकर केला आणि २०१० मध्ये केनियातल्या एका गावात तो बसवला. सुरुवातीला तापून वाकणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्ट्या वापरल्या होत्या, पुढे पाणी आलं. गळणारं पाणी फिल्टरमधून जातं आणि दिवसाला चारेक लिटर पिण्याजोगं पाणी खाली जमतं. पॅनेल वळवण्यासाठी कोणी रोज कॅन भरेल का याची शंका राहते. पिण्याचं पाणी मिळणार असेल तर माणूस भरतो. मला या यंत्रातली ही सगळ्यात हुशारीची गोष्ट वाटते.

वजनावर चालणारे दुसरेही मार्ग आहेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत स्टीव्ह बेअर यांच्या झोमवर्क्स कंपनीने पाणी न गाळता हेच साधलं: पॅनेलच्या दोन कडांना फ्रिजमधल्यासारख्या द्रवाच्या बंद नळ्या, मध्ये जोडनळी आणि सावलीसाठी पत्रे. ज्या बाजूला ऊन जास्त लागतं तिथला द्रव उकळून पलीकडे ढकलला जातो, तिकडचं वजन वाढतं आणि पॅनेल वळतं. सुंदर रचना, पण सकाळी ऊन तापेपर्यंत ते काल संध्याकाळच्या जागीच, पश्चिमेकडे तोंड करून बसलेलं असतं. वोल्फगांग शेफलर यांनी १९८६ मध्ये केनियात उभारलेल्या सूर्यचुलीच्या आरशाची गोष्ट निराळी. त्याचा आस ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि साध्या यांत्रिक घड्याळाने तो तासाला १५ अंश फिरवता येतो. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मध्ये बसवलेल्या ७३ डिश याच घराण्यातल्या. आरशाला मात्र ढोबळ पाठलाग चालत नाही, कारण थोडं चुकलं की झोत भांड्यावरून सरकतो. पॅनेलवाल्यांना ही काळजी नाही.

पॅनेलवाल्यांची खरी काळजी वारा. १०० वॅटच्या पॅनेलचं क्षेत्रफळ पाऊण चौरस मीटरहून थोडं कमी. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण चार किलोचा दाब येतो. वारा दुप्पट झाला की दाब चौपट, म्हणजे सोळा किलो. चार किलोला आपला तराजू डोलतो पण सावरतो. डोलणं कमी करायला मोटरसायकलचा जुना शॉकॲब्सॉर्बर आडवा लावता येईल. वळवाचं वादळ दिसलं की मात्र सरळ दोरीने सपाट बांधून टाकावं.

आता हेच गणित शेतातल्या सौर पंपाला लावा. पाच एचपीच्या पंपाला सुमारे ४८०० वॅटची पॅनेल लागतात. आजकालच्या मोठ्या आकाराच्या पॅनेलमध्ये हे नऊ नग, मिळून तेवीस चौरस मीटर. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात यावर साडेपाचशे किलोंचा रेटा. इथे कॅनचं काम नाही. इथे जाड खांब, पिन घालून घट्ट होणारी चौकट आणि माणसाचा हात.

हात म्हणजे मागासलेपणा, असं मुळीच नाही. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सौर पंपांसाठी जे तांत्रिक निकष ठरवले आहेत, त्यांतच हाताने फिरवण्याची सोय असेल तर दिवसातून तीन वेळा पॅनेल फिरवता आलं पाहिजे आणि ऋतूप्रमाणे त्याचा कलही बदलता आला पाहिजे, असं म्हटलं आहे. तीनच वेळा का? सकाळी ४५ अंश पूर्वेला, अकराला सपाट, दोनला ४५ अंश पश्चिमेला. मार्च किंवा सप्टेंबरचा दिवस धरला, तर सकाळी आठ ते संध्याकाळी पाच या नऊ तासांत सूर्य आणि पॅनेल यांत पूर्व-पश्चिम दिशेने २२.५ अंशांहून जास्त फरक पडतच नाही. आठ टक्क्यांहून अधिक तोटा होत नाही, सरासरी तर अडीचच टक्के. दिवसभर सूर्यावर नजर ठेवणाऱ्या महागड्या यंत्राने सपाट पॅनेलपेक्षा जेवढा फायदा होईल, त्यातला जवळजवळ नव्वद टक्के या तीन वळणांत पदरात पडतो.

पंपाच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. बल्बला निम्मी वीज दिली तर तो मंद का होईना लागतो. पंपाचं तसं नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या खोलीप्रमाणे एका ठरावीक वेगाच्या खाली मोटर नुसती फिरते, पाणी उचलत नाही. सपाट पॅनेलवर सकाळी साडेआठचं ऊन या उंबरठ्याच्या खाली राहतं. तेच पॅनेल पूर्वेला वळवलं की पंप तेव्हाच पाणी ओढू लागतो. संध्याकाळीही तसंच. म्हणून विजेत पंधरा-पंचवीस टक्के वाढ झाली की पाण्यातली वाढ बहुधा त्याहून जास्त दिसते, आणि दारं धरणाऱ्याला दोन्हीकडचा थंड वेळ मिळतो.

ऋतूचा कल त्यामानाने सोपा. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारचा सूर्य माथ्यापासून ४२ अंश दक्षिणेला असतो, जूनमध्ये उलट पाच अंश उत्तरेला. म्हणून रब्बीत पॅनेल दक्षिणेकडे तीस-पस्तीस अंश कलतं ठेवावं आणि उन्हाळ्यात जवळजवळ सपाट. पावसाळ्यात ढगांमुळे उजेड सगळीकडून सारखाच येतो. तेव्हा फिरवण्यात अर्थ नाही, सपाट ठेवून पिन घालावी.

हे सगळं करण्याआधी एक हिशेब मात्र करावा. ट्रॅकरने मिळणारी पाव हिस्सा वाढ पाव हिस्सा जास्त पॅनेल लावूनही मिळते, आणि पॅनेल आता पूर्वीच्या मानाने फार स्वस्त झाली आहेत. पाण्याच्या कॅनचा सांगाडा पंचवीस वॅटच्या जादा पॅनेलपेक्षा महाग पडत असेल तर तो करू नये. भंगारातल्या पाइपांतून होत असेल, किंवा पिण्याचं गाळलेलं पाणी हवं असेल, तर जरूर करावा. अनुदानातून मिळालेल्या पंपाला पॅनेल ठरलेलीच असतात, तिथे फिरवणं हा फुकटचा नफा आहे. म्हणून पंप बसवायला माणसं आली की सही करण्याआधी त्यांना पिन काढून चौकट दोन्ही बाजूंना फिरवून दाखवायला सांगा. आणि पहिल्या पावसाआधी सांध्यांना ग्रीस लावा. गंजून अडकलेली चौकट मग वर्षभर कोणी फिरवत नाही.