डिफरन्शियलमध्ये पाणी शिरतं कसं?

मूल-सिंदेवाही पट्ट्यात पावसाळ्यात पिकअप नाल्यातून काढावीच लागते. धावून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल हाउसिंग तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ऑइल दुधाळ होतं, क्राऊन-पिनियन आणि बेअरिंग झिजतात. ऐन रोवणीत गाडी उभी राहिली तर नुकसान आपलंच.

म्हणून आपण ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचं तोंड उंच नेऊ. फोर बाय फोर असेल, तर पुढच्या डिफरन्शियललाही. नाल्यातून आल्यावर गाडी थंड होऊ देऊन खालचा बोल्ट सैल करू. पाणी जड असल्याने आधी तेच गळतं. दिसलं, तर ऑइल लगेच बदलू. मोठ्या टायरचा विचार त्यानंतर.