रात्रीच्या आकाशाचा निवेदक : पॅट्रिक मूर

१ एप्रिल १९७६ च्या सकाळी बी. बी. सी.च्या 'रेडिओ २' या नभोवाणी केंद्रावरून एक खगोलशास्त्रीय वार्ता सांगण्यात आली. ती अशी : बरोबर ९ वाजून ४७ मिनिटांनी प्लूटो हा गुरूच्या मागून जाणार आहे. त्या दोघांच्या एकत्रित आकर्षणामुळे पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षण क्षणभर कमी होईल. त्या क्षणी उडी मारली तर आपण तरंगत असल्याचा अनुभव येईल. घड्याळात ती वेळ झाली आणि थोड्याच वेळात केंद्राचे फोन खणखणू लागले. अनेकांनी कळवले की, आपल्याला खरोखरच हलके वाटले. आपण खुर्चीतून वर उचललो गेलो, असे सांगणारेही निघाले!

तारीख पाहून तुम्ही ओळखलेच असेल की, हा 'एप्रिल फूल' होता. पण तो साधा नव्हता, कारण सांगणारा माणूस होता पॅट्रिक मूर. इंग्लंडमधील घराघरांत खगोलशास्त्र म्हटले की हेच नाव निघे. त्यांनी सांगितले म्हणजे खरेच असणार, असे लोकांनी धरून चालले होते.

आपण मात्र धरून न चालता थोडे गणित करू या. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट आहे. तो आपल्या अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे ६३ कोटी किलोमीटर दूर असतो. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण मात्र अवघे ६,३७८ किलोमीटर अंतरावर आहोत. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३१८ ला (६,३७८ ÷ ६३,००,००,०००) च्या वर्गाने गुणा. उत्तर येते सुमारे तीन कोटींत एक. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसावरील गुरूची ओढ अवघ्या दोन मिलिग्रॅम वजनाइतकी! तीही सगळी जाणवत नाही. गुरू केवळ आपल्याला ओढत नाही, आपल्या पायाखालच्या पृथ्वीलाही जवळजवळ तितकेच त्वरण देतो. त्यामुळे वजनात फरक पडतो तो या दोन ओढींमधील फरकाइतकाच, आणि तो त्या दोन मिलिग्रॅमच्याही सुमारे पन्नास हजारावा भाग असतो. प्लूटोचे नावच नको. तो आपल्या चंद्राहूनही पुष्कळ हलका आहे. गंमत म्हणजे त्या एप्रिलमध्ये गुरू आकाशात सूर्याच्या बाजूला होता आणि प्लूटो जवळजवळ विरुद्ध दिशेला. तो गुरूच्या मागून जाणे शक्यच नव्हते.

मग लोकांना हलके कसे वाटले? अपेक्षा केली की अनुभवही येतो! आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ मध्ये अष्टग्रहीच्या भीतीने ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. ग्रह जवळ आले, पण पृथ्वी आपल्या कक्षेत निमूटपणे फिरत राहिली. अशा भीतीवर वरच्यासारखे चार ओळींचे गणित हाच उतारा आहे.

आता हे पॅट्रिक मूर कोण, ते पाहू.

त्यांचा जन्म ४ मार्च १९२३ रोजी इंग्लंडमधील पिनर या गावी झाला. लहानपणी हृदयाच्या दुखण्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले. सहाव्या वर्षी सूर्यमालेवरील एक पुस्तक हाती पडले आणि आकाशाचे वेड लागले ते कायमचे. अकराव्या वर्षी ते 'ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन' या हौशी निरीक्षकांच्या संस्थेचे सभासद झाले. तेराव्या वर्षी त्यांनी त्याच संस्थेपुढे आपला पहिला निबंध मांडला. विषय होता चंद्रावरील 'मारे क्रिसियम' या सपाट काळ्या प्रदेशातील लहान विवरे. या मारे क्रिसियमकडे आपल्याला लेखाच्या शेवटी पुन्हा यायचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात होते. युद्धानंतर केंब्रिज विद्यापीठात जाण्याचा बेत होता, पण तो मागे पडला. त्यांनी काही वर्षे एका शाळेत शिक्षकाची नोकरी केली आणि रात्री चंद्राचे निरीक्षण चालू ठेवले. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. १९५३ मध्ये चंद्रावरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे त्यांच्या पुस्तकांची संख्या सत्तरावर गेली. ही पुस्तके ते १९०८ सालच्या एका जुन्या टंकलेखन यंत्रावर स्वतः टंकलिखित करीत.

२४ एप्रिल १९५७ रोजी बी. बी. सी. दूरचित्रवाणीवर त्यांचा 'द स्काय अॅट नाइट' हा कार्यक्रम सुरू झाला. त्या दिवसांत आरेंड-रोलाँ नावाचा धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. या धूमकेतूची एक मौज होती. धूमकेतूची शेपटी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, हे तुम्ही वाचले असेल. या पाहुण्याला मात्र सूर्याकडे रोखलेली, भाल्यासारखी दुसरी शेपटीही दिसली! धूमकेतूने आपल्या कक्षेच्या प्रतलात मागे टाकलेली धूळ पृथ्वीवरून कडेने पाहिली की तशी भासते. नवा कार्यक्रम सुरू करायला याहून चांगला विषय कोणता मिळणार?

आणि काळही कसा होता पाहा. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह, स्पुटनिक, सोडला. महिन्यातून एकदा येणाऱ्या या कार्यक्रमाला विषयांची वाण कधी पडलीच नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरले, तेव्हा बी. बी. सी.च्या प्रक्षेपणात क्लिफ मिशेलमोर आणि जेम्स बर्क यांच्याबरोबर मूर होतेच. एका डोळ्याला लावलेले एकच भिंग, विस्कटलेले केस आणि भरधाव बोलणे ही त्यांची ओळख होऊन बसली. एकदा प्रक्षेपण थेट चालू असताना एक मोठी माशी त्यांच्या तोंडात गेली. ती त्यांनी तशीच गिळली आणि वाक्य पुढे चालू ठेवले, असे ते स्वतःच सांगत.

पण नुसते बोलणे म्हणजे विज्ञान नव्हे, असे कोणी म्हणेल. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पदवी नसलेला, वेधशाळेत नोकरी नसलेला माणूस विज्ञानात खरोखर काही भर घालू शकतो काय? मूर यांच्या कामातील दोन गोष्टी पाहून तुम्हीच ठरवा.

पहिली गोष्ट चंद्राच्या कडेची. चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते, असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नाही. चंद्र स्वतःभोवती ठरावीक वेगाने फिरतो, पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने पृथ्वीभोवतीचा त्याचा वेग कमी-जास्त होतो. पृथ्वीजवळ असताना तो भरभर जातो, दूर असताना रेंगाळतो. दोन्ही गतींचा मेळ क्षणोक्षणी बसत नाही. म्हणून चंद्र आपल्याला किंचित डावी-उजवीकडे मान हलवल्यासारखा दिसतो. त्याचा अक्ष कक्षेला काटकोनात नसल्यामुळे तो वर-खालीही मान हलवतो. या डोलण्यामुळे निरनिराळ्या वेळी मिळून आपल्याला चंद्राचा सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग पाहता येतो. कडेचा हा भाग फार तिरपा दिसतो व नकाशात उतरवणे कष्टाचे असते. मोठ्या वेधशाळांचे लक्ष त्या काळी दूरच्या ताऱ्यांकडे आणि दीर्घिकांकडे होते. मूर यांच्यासारख्या हौशी निरीक्षकांनी रात्रीमागून रात्री जागून हे काम केले. ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाच्या लूना ३ या यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची पहिली छायाचित्रे घेतली. ती परिचित भूभागाशी जुळवताना कडेचे असे नकाशेच उपयोगी पडणारे होते.

दुसरी गोष्ट हरलेल्या बाजूची आहे, आणि मला ती तितकीच मोलाची वाटते. चंद्रावरील विवरे कशी झाली, यावर फार मोठा वाद होता. एक पक्ष म्हणे ती ज्वालामुखींमुळे झाली, दुसरा म्हणे अशनींच्या आघाताने. मूर अनेक वर्षे ज्वालामुखीच्या पक्षाचे होते. त्या पक्षाचा एक मुद्दा असा की, अशनी तिरके येऊन आदळले असते तर विवरे लांबट झाली असती. ती तर बहुतेक गोल आहेत! याचे उत्तर असे : अशनी सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येतो. आदळताक्षणी त्याची गतिज ऊर्जा स्फोटासारखी मोकळी होते आणि स्फोटाचा खड्डा सर्व बाजूंना सारखा, म्हणजे गोल होतो. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणलेल्या खडकांत आघाताच्या खुणा सापडल्या आणि आघाताचा पक्ष जिंकला.

हाच वाद आपल्या अंगणातही झाला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, काळ्या बेसाल्ट खडकातील विवर आहे. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचा खडक असल्याने हेही ज्वालामुखीचेच तोंड असावे, असे अनेकांना वाटे. प्रचंड दाबानेच तयार होणारी काच तिथे मिळाली आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते आघाताचे विवर असल्याचे दाखवून दिले. चंद्राचे सपाट काळे प्रदेशही बेसाल्टचेच असल्यामुळे तेथील विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. निरीक्षण चोख असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकू शकतो. मूर यांचे नकाशे टिकले, विवरांबद्दलचे मत टिकले नाही. विज्ञानात माणसाची कीर्ती पाहून निकाल लागत नाही, हे यातून शिकावे.

१९६५ ते १९६८ या काळात मूर उत्तर आयर्लंडमधील आर्मा येथील तारांगणाचे संचालक होते. नंतर ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सेल्सी गावात राहिले. घराच्या आवारातच त्यांच्या दुर्बिणी होत्या. १९९५ मध्ये त्यांनी हौशी निरीक्षकांसाठी १०९ तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांची यादी केली. ती 'कॅल्डवेल यादी' म्हणून ओळखली जाते. त्यांचे पूर्ण आडनाव कॅल्डवेल-मूर होते. 'एम' हे अक्षर मेसिए या फ्रेंच निरीक्षकाच्या यादीने आधीच घेतलेले होते, म्हणून यांनी 'सी' घेतले! या यादीतील सी ८० म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ इंग्लंडमधून दिसतच नाही. आपल्याकडे मात्र मे महिन्यातील अंधाऱ्या रात्री तो दक्षिण क्षितिजावर साध्या द्विनेत्रीतून धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

२००१ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. पदवी नसलेल्या माणसाला शास्त्रज्ञांच्या त्या जुन्या संस्थेने दिलेला हा मान होता. पंचावन्न वर्षांत त्यांचा एकच कार्यक्रम चुकला, जुलै २००४ चा, तोही अन्नातून झालेल्या विषबाधेमुळे. ९ डिसेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच निवेदकाने इतका दीर्घकाळ चालवलेला कार्यक्रम म्हणून त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. त्यांच्यानंतरही तो चालू राहिला.

आता मारे क्रिसियम. शुक्ल पक्षातील चतुर्थी-पंचमीच्या संध्याकाळी चंद्राच्या उजळलेल्या कडेजवळ पाहा. इतर डागांपासून सुटा असलेला एक काळसर, लंबगोल डाग दिसेल. द्विनेत्री मिळाली तर उत्तमच. तो उत्तर-दक्षिण लांबट दिसतो, पण प्रत्यक्षात पूर्व-पश्चिमच अधिक लांब आहे. कडेजवळ असल्याने आपण त्याला तिरपे पाहतो, म्हणून हा भास होतो. चंद्रकोर ते पौर्णिमा दर स्वच्छ रात्री त्याचे चित्र काढा. डाग आणि चंद्राची कड यांमधील मोकळी जागा डागाच्या रुंदीच्या किती पट आहे ते लिहून ठेवा. तारीख व वेळ विसरू नका. तीन-चार महिने हे केलेत तर ती जागा कमी-जास्त होताना दिसेल. चंद्राचे डोलणे तुम्ही स्वतः मोजलेले असेल.

शिक्षकांना विनंती की, वर्गातील पाच-सहा मुलांनी एकाच रात्री स्वतंत्रपणे काढलेली चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ती हुबेहूब जुळणार नाहीत. निरीक्षणातील चूक म्हणजे काय, यावर त्याहून चांगला धडा पुस्तकात मिळणार नाही.