सातबाऱ्यातून गळलेली शेते

सातबारा हा एकच कागद वाटतो. प्रत्यक्षात तो दोन नमुन्यांची जोडणी आहे. गाव नमुना 7 सांगतो जमीन कोणाची, 12 सांगतो तीत काय पेरले. दोहोंना बांधतो गट क्रमांक.

संगणकात असे तक्ते जोडायला ‘ओआरएम’ हे साधन आहे. ‘गटाची पिके’ एवढेच मागावे. एसक्यूएल आज्ञा ते स्वतः रचते.

ब्रह्मपुरीजवळच्या एका गावाची मी अशी यादी काढली. सर्व गट आणि त्यांतले खरिपाचे पीक हवे होते. ‘खरीप’ ही अट लावताच, पीकपेरा न नोंदलेले गट मुकाट्याने गळाले. साधनाने दोन्हीकडे नोंद असलेलेच गट ठेवले होते.

एकेका गटाची पिके वेगळी मागितली, तर 100 गटांना 101 फेऱ्या. जँगोतील ‘प्रीफेच’ दोनच फेऱ्यांत काम करते: आधी सगळे गट, मग त्यांची खरिपाची पिके एकत्र. पीक नसलेला गटही यादीत राहतो.

रानडुकरांनी तुडवलेल्या धानाची भरपाई माझ्या पहिल्या यादीवरून ठरली असती तर? म्हणून आता मी आधी नमुना 7 मधले गट मोजतो, मग यादीतले.